या इमारतीत मी कुणाची कुणी नाही

सन्माननीय महापौर श्रीमती लिंडक्विस्ट, नगर परिषदेचे मान्यवर सभासद, व्यासपीठावर विराजमान असलेले आणि मघापासून दोन बोटं जवळ आणून 'थोडक्यात, थोडक्यात' असं मला खुणावणारे नगर सचिव श्री. हाल्वर्सन, आमच्या ह्मोंग समाजाच्या सगळ्या कुळांतली वडीलधारी मंडळी, मागच्या रांगेत बसून आतापासूनच जेवणाच्या टेबलांकडे बघणारे माझे भाऊबंद, आणि आजच्या सत्कारमूर्ती, या शहराच्या दुभाषी श्रीमती पा हुआ खांग, आपणा सर्वांना माझा विनम्र नमस्कार.

मी ब्लिया खांग. दिवंगत न्या तुआ मुआ यांची पत्नी. मी काही वक्ता नव्हे. माझं सगळं बोलणं आजवर स्वयंपाकघरात आणि भाजीच्या वाफ्यात झालेलं. पण सुनेनं आठवडाभर आधी मला या व्यासपीठावरच्या लोकांची नावं आणि पदं पाठ करायला बसवलं. अध्यक्षांचं नाव आधी, मग पाहुण्यांचं, मग आपलं दुःख, असा क्रम असतो म्हणे. तो क्रम पाळायचा मी मनापासून प्रयत्न करणार आहे.

मी आपल्या भाषेत बोलते आहे आणि त्या काचेच्या खोलीत बसलेले श्री. सेंग लोर ते इंग्रजीत करून साहेबलोकांच्या कानातल्या यंत्रात पाठवत आहेत. आजपासून पा हुआबाईंच्या जागी ते आले आहेत. त्यामुळे या सभागृहात प्रत्येक विनोदाला दोनदा हशा होतो. आधी आपली माणसं हसतात, मग जरा वेळाने साहेबलोक. दुसरा हशा आला नाही तर समजावं की सेंग लोर यांनी मला सांभाळून घेतलं.

आता मला सांगा, दुभाषाचा निरोप समारंभ कुणी करतं का? दुभाषा म्हणजे काय, खिडकीची काच. समोरचं दिसलं म्हणजे झालं, काचेकडे कोण बघतो? तरीही आज हे सभागृह भरलं आहे. रस्त्यावरचं बर्फ वेळेत काढलं नाही म्हणून दंड झालेले इथे आहेत. कोंबड्या पाळल्या म्हणून ज्यांच्या दारावर नोटीस चिकटवली गेली तेही आहेत, त्यांनी आज तोंड लपवायचं कारण नाही. या सगळ्यांच्या वतीने पा हुआबाई या इमारतीत उभ्या राहिल्या आहेत. पण मी बोलणार आहे ते एकाच प्रकरणाबद्दल, कारण ते माझ्या घरचं आहे.

गालिच्यांचं जुनं दुकान आपल्या समाजाने विकत घेतलं, ते दिवस आठवा. त्याआधी आपल्यात कुणी गेलं तर काय व्हायचं? माणूस इथे जायचा आणि त्याचं कार्य व्हायचं पार राजधानीच्या शहरात, तिथल्या सभागृहात. तिथे तर कायमची रांग. माझी जाऊ गेली तेव्हा महिनाभर शीतगृहात होती. जिला जन्मभर थंडी सोसली नाही, तिला महिनाभर शीतगृहात ठेवलं. तेव्हाच आमच्या ह्यांनी मनाशी धरलं की आपल्या गावात आपलं सभागृह हवं. वर्गणी जमली, दुकान मिळालं, आणि अडलं ते एकाच गोष्टीवर. शहराचा नियम असा की रात्री दहानंतर आवाज बंद.

साहेबलोकांसाठी सांगते. आपल्यात माणूस गेला की ढोल टांगतात आणि बांबूच्या नळ्यांची पुंगी वाजवतात. ती करमणूक नव्हे. गेलेल्याला ती वाट दाखवते. ज्या ज्या गावी तो राहिला त्या प्रत्येक गावावरून त्याला मागे मागे नेत, जिथे त्याचा जन्म झाला तिथपर्यंत पोचवते. माणसाला नेईपर्यंत, म्हणजे तीन-चार दिवस, ते थांबवायचं नसतं. मधेच थांबलं तर तो जिथे असेल तिथेच अडकला. आमचे हे तेव्हा आजारी होते. मूत्रपिंडं थकली होती, डायलिसिस चालू होतं, आणि आपल्याकडे फार दिवस नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ही परवानगी त्यांना समाजासाठी हवी होती, तशी स्वतःसाठीही हवी होती. ते तोंडाने बोलायचे नाहीत, पण दुकानावरून गाडी गेली की मान वळवून बघायचे.

पहिल्या खेपेला आम्ही कुठलीही मदत मागितली नाही. घरात शिकलेला मुलगा असताना परक्याला कशाला बोलवा? आमचा थोरला, फेंग, वडिलांबरोबर उभा राहिला. तो आज इथेच बसला आहे, त्याची मान आत्ताच खाली गेली आहे. सभासदांनी विचारलं, ढोल कशासाठी आणि किती वेळ? ह्यांनी सविस्तर सांगितलं, की मी मरेन तेव्हा असं असं होईल आणि मला नेईपर्यंत वाजवावं लागेल. आता पोराने करावं काय? आपल्यात आईबापांच्या मरणाची गोष्ट मुलांनी त्यांच्या तोंडावर काढायची नसते. काढली तर मरणाला आवतण दिल्यासारखं होतं. फेंग घामाघूम झाला, आणि शेवटी म्हणाला की माझ्या वडिलांना संगीताची फार आवड आहे.

सभासद मंडळी प्रेमळ होती. त्यांच्यातल्या एका बाईंनी आनंदाने सांगितलं की मग उद्यानात दर गुरुवारी संध्याकाळी वादनाचा कार्यक्रम असतो, तिथे त्यांनी अवश्य यावं. हे घरी आले आणि दोन दिवस मुलाशी बोलले नाहीत. मुलाचं तरी काय चुकलं? मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

मग सुनेने शहराची नोटीस उलटून बघितली. खाली बारीक अक्षरात, आपल्याही भाषेत, छापलेलं होतं की दुभाषा हवा असल्यास आधी कळवा, शहर विनामूल्य देईल. हे म्हणाले, "माझ्या मरणाचं बोलणं मी शहराकडून मागून आणू?" सून म्हणाली की मामंजी, मागायला नको, तो आपला हक्कच आहे. हक्क म्हटल्यावर ह्यांना जरा बरं वाटलं. सुनेने फोन केला. फोनवर हाल्वर्सन साहेबांनी स्वतः विचारून घेतलं की कुठली भाषा, आपल्या दोन शाखांपैकी हिरव्या ह्मोंगांची बोली की पांढऱ्यांची, माणसाला ऐकू कमी येतं का. इतकी विचारपूस तर आमच्या सोयरिकीतही कुणी केली नव्हती.

आणि सुनावणीच्या दिवशी आम्ही पा हुआबाईंना पहिल्यांदा पाहिलं. काळा कोट, गळ्यात शहराचं ओळखपत्र, केस घट्ट बांधलेले. ह्यांनी ओळखपत्रावरचं नाव फेंगकडून वाचून घेतलं. खांग! एकदम खुलले. आता बघा, आपल्यात लग्न झालं तरी बाईचं कुळ बदलत नाही. मी खांग, त्या खांग. एका कुळाच्या दोघी बायका, मग त्या कुठल्याही गावच्या असोत, बहिणीच. माझी बहीण म्हणजे ह्यांची मेहुणी. सभा सुरू झाली, आणि शहराच्या वकिलांनी नेहमीप्रमाणे विचारलं की या दुभाषी बाईंना तुम्ही ओळखता का. ह्यांनी छाती पुढे काढून सांगितलं, "ओळखतो म्हणजे? माझी सख्खी मेहुणी आहे ती."

पा हुआबाईंना तेही इंग्रजीत सांगणं भाग होतं. त्यांनी सांगितलं. वकिलांनी चष्मा काढला. नातेवाइकाने दुभाषाचं काम करायचं नाही, असा नियम आहे. सुनावणी पुढच्या महिन्यावर गेली.

हाल्वर्सन साहेबांनी लगेच दुसऱ्या दुभाषांची नावं काढली. एक मुआ निघाला. हे म्हणाले, तो तर भाऊच. दुसरा निघाला लोर, तर ह्यांच्या आईचं कुळ लोर, म्हणजे मामा. तिसरा आमच्या धाकट्या सुनेच्या कुळातला, म्हणजे व्याही. हाल्वर्सन साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि विचारलं की या गृहस्थांचं नातं नाही असं जगात कुणी आहे का. ह्यांनी शांतपणे विचार केला आणि समोरच्या सगळ्या सभासदांकडे हात दाखवून म्हणाले, "आहेत की. हे सगळे."

हसा, हसा. आम्ही तेव्हा हसलो नव्हतो. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात ह्यांना बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. एक महिना म्हणजे आम्हाला किती मोठा, ते कुणाला कळणार?

बाहेरच्या ओसरीत पा हुआबाई आमच्याजवळ आल्या. आवाज अगदी खाली. म्हणाल्या, "भावोजी, घराबाहेर मी तुमची मेहुणी आहे, ते कुणी नाकारू शकत नाही. पण या इमारतीत मी कुणाची कुणी नाही. कुणाची झाले, तर तुमच्या बाजूने बोलायला इथे कुणी उरणार नाही." ह्यांनी विचारलं की म्हणजे मी खोटं बोलायचं? तर म्हणाल्या, "तुम्ही नका बोलू. विचारतील तेव्हा मी सांगेन."

मला तेव्हा राग आला. खरं सांगते, फार राग आला. कुळ नाकारायचं म्हणजे काय गंमत आहे? लढाईत आपण देश सोडला, शेतं सोडली, तिकडे काय काय सोडलं त्याचा हिशेब नाही. कुळ तेवढं बरोबर आणलं. आणि ही कोण कोटवाली, तेही दाराबाहेर ठेव म्हणते? मी घरी जाऊन बहिणींना फोन लावले आणि जे काही बोलले ते सेंग लोर यांना इंग्रजीत करायला लावणार नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही परत गेलो. ह्यांना चाकांच्या खुर्चीतून न्यावं लागलं. वकिलांनी पा हुआबाईंनाच विचारलं, की रक्ताने किंवा लग्नाने या माणसाशी आपलं काही नातं आहे का. त्या म्हणाल्या, नाही. मागच्या सुनावणीआधी आम्ही कधी भेटलोही नव्हतो, असंही म्हणाल्या. एवढं झालं, आणि मग जे सगळ्यात अवघड ते उरलं. इमारतीत जे जे बोललं जातं ते ज्याच्याबद्दल आहे त्याला त्याच्या भाषेत सांगायचं, हे त्यांचं काम. मग आपलं स्वतःचं बोलणं तरी कसं गाळणार? त्या ह्यांच्याकडे वळल्या आणि आपल्या भाषेत, ह्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "मी यांना सांगितलं, की मी तुमची कुणी लागत नाही."

सभागृहात आपली पन्नासेक माणसं होती. सगळ्यांनी ते ऐकलं. पा हुआबाईंनी वहीचं पान उलटलं आणि पेन तयार धरलं.

ह्यांना बोलायला तीन मिनिटं होती. ह्यांनी आधी आपली खुर्ची पा हुआबाईंकडून सभासदांकडे वळवून घेतली. मला वाटलं, रुसले. संपलं सगळं. मग बोलले. ते काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे, कारण मी तेव्हापासून मनात कितीदा तरी म्हटलं आहे.

ते म्हणाले, "माझं या खोलीत आता कुणी नाही, हे बरं झालं. आपल्या माणसांसमोर जे बोलता येत नाही ते परक्यांसमोर बोलतो. मी लवकरच मरणार आहे. मी तीन वेळा घर सोडलं. तिन्ही वेळा अंधारात सोडलं आणि आवाज न करता सोडलं. नदी ओलांडताना शिपायांना ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही आमच्या लेकरांच्या तोंडावर हात दाबून धरले. एका लेकराच्या तोंडावरचा माझा हात मी वेळेत काढला नाही. आयुष्यभर मी गुपचूप निघालो. आता शेवटचं निघायचं आहे, तर मला आवाज करत जाऊ द्या. दहा वाजता ढोल बंद केलात तर मी तुमच्याच गाड्या लावायच्या आवारात अडकेन, आणि मग तुम्हाला कायमचा सांभाळावा लागेन."

त्या लेकराचं मी आज इथे बोलणार नव्हते. पण ते गाळलं तर बाकीचं खरं राहत नाही. ती आमची पहिली मुलगी. तिच्याबद्दल हे माझ्याशीसुद्धा कधी बोलले नव्हते.

आणि पा हुआबाईंनी ते सगळं इंग्रजीत सांगितलं. दुभाषाने 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं, 'मी' म्हणायचं असतं. मला इंग्रजी येत नाही, पण 'मी' येतं. त्या प्रत्येक वेळी 'मी' म्हणत होत्या. मी मरणार आहे. माझा हात. माझं लेकरू. आवाज हलला नाही. फेंग म्हणतो, एक शब्द मऊ केला नाही, एक शब्द वर चढवला नाही. आमचा मुलगा जे बापासाठी करू शकला नाही, कुणाही आपल्या माणसाला करवलं नसतं, ते त्या करत होत्या, आणि ते करता यावं म्हणूनच त्या आमच्या कुणी नव्हत्या. मला ते तिथे, त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. राग कुठे गेला ते कळलंही नाही.

गाड्यांच्या आवाराच्या वाक्याला महापौरबाई हसल्या आणि लगेच डोळे पुसायला लागल्या. परवानगी मिळाली. दारं बंद ठेवायची, शेजारच्या घरांकडच्या भिंतीला जाड काहीतरी लावायचं. दुकानात उरलेले गालिचे होतेच, तेच ठोकले. आता आपलं सभागृह बाहेरून शांत आणि आतून फुलाफुलांचं आहे.

परतताना गाडीत मी ह्यांना म्हटलं की माझी बहीण फार कडक निघाली. हे म्हणाले, "तुझी बहीण होती म्हणूनच निभावलं तिने. परकी असती तर रडली असती."

त्यानंतरची वर्षं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पा हुआबाई आपल्या नववर्षाच्या जेवणांना आल्या नाहीत. कुणाच्या लग्नात खांगांच्या पंगतीत बसल्या नाहीत. शहराचं काम करणाऱ्याने ज्याचं काम करायचं त्याचं खायचं नाही, आणि या गावात त्यांनी कुणाचं काम केलं नव्हतं? म्हणून घरोघरी एकच उत्तर, आत्ताच जेवून आले. आपल्यात समोर वाढलेलं नाकारणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. लोक काय काय बोलले! ताठ आहे, साहेबीण झाली आहे, कुळाला विसरली. इथे बसलेल्या कितीतरी जणी बोलल्या. मी नावं घेणार नाही, हाल्वर्सन साहेबांनी वेळ कमी दिला आहे.

त्याच वर्षी पानगळीत हे गेले. आपल्या सभागृहातलं पहिलं कार्य त्यांचंच झालं. ढोल टांगला तो त्यांना नेईपर्यंत थांबला नाही. दाराशी पाहुण्यांना विचारायला माझा पुतण्या बसला होता, कोण, कुठले, नातं काय. पा हुआबाई कामावरून सरळ आल्या, काळ्या कोटातच. त्याने विचारलं, नातं? त्या म्हणाल्या, ओळखीची. सभागृहाची परवानगी दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, आणि त्यांना परत त्याच वकिलांसमोर उभं राहायचं होतं. माझ्या बाकीच्या बहिणी माझ्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या. त्या मात्र दाराजवळ भिंतीला, त्या फुलाफुलांच्या गालिच्याला टेकून उभ्या राहिल्या.

आता आपली रीत काय आहे? ओळखीचा माणूस येतो, जेवतो, जातो. घरचा माणूस शेवटपर्यंत थांबतो. ही बाई जेवली नाही आणि गेलीही नाही. रोज काम सुटलं की यायची आणि ढोल चालू असेतो तिथेच उभी. एकदाही बसली नाही. ह्यांना उचललं तेव्हा मी मागे वळून बघितलं. तोंडावर हात दाबून उभी होती. इतक्या आवाजात तिचं रडणं कुणाला ऐकू आलं असतं? तरी हात दाबूनच.

मी तेव्हा तिच्याकडे गेले नाही. जाता येत नव्हतं. गेले असते, गळ्यात पडले असते, तर तिने इतक्या दिवसांचं जे सांभाळलं होतं ते सगळ्या गावासमोर मोडलं असतं. म्हणून आम्ही दोघी लांबून एकमेकींकडे बघून वाकलो, ओळखीच्या बायका वाकतात तशा.

आज सकाळी तिने शहराचं ओळखपत्र परत केलं. हाल्वर्सन साहेबांना मी मुद्दाम विचारून घेतलं आहे, आता तिच्यावर कुठलाही नियम लागू नाही.

तेव्हा, सन्माननीय अध्यक्ष महोदया, आपण मला इथे उभं राहू दिलंत, आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी बोलणारं माणूस आपल्या खर्चाने दिलंत, त्याबद्दल मी आपली, परिषदेची आणि या शहराची मनापासून आभारी आहे. समाजाच्या मंडळींचे, सुनेचे, त्या काचेच्या खोलीत घाम पुसत असलेल्या सेंग लोर यांचेही आभार. ते माझे कोण लागतात ते मी इथे सांगत नाही, त्यांना अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, मान देण्यात कमीजास्त झालं असेल, दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलले असेन, तर या म्हातारीला आपण सगळ्यांनी उदार मनाने क्षमा करावी.

पा हुआ, तुझी मात्र मी क्षमा मागत नाही. तू माझी धाकटी बहीण आहेस, आणि हे मी या इमारतीत उभी राहून सांगते आहे. सेंग लोर, हे जसंच्या तसं सांगा. चल, पा हुआ, घरी चल.